दहावी तबकडी

गाण्यांच्या संचाला ‘अल्बम’ हे नाव कसे पडले असेल, याचे मला लहानपणी मोठे कोडे होते. आमच्या घरी अल्बम एकच होता. जाड काळ्या पानांचा, मधे पातळ जाळीदार कागद असलेला. त्यात आजोबा-आजीच्या लग्नानंतरचा फोटो होता, कोर्टातल्या कारकून मंडळींचा ग्रूप फोटो होता आणि कुणाचा ते कुणालाच न आठवणारा, दुपट्यावर पालथ्या पडलेल्या एका गुटगुटीत बाळाचा फोटो होता. यात गाणे कुठून येणार?

पुढे कळले की ते नाव त्या वहीवरूनच आले आहे. जुन्या तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेत आणि त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. त्यात न मावणारी लांब रचना असली की ती चार-सहा तबकड्यांवर विभागून घेत आणि कागदी पाकिटे शिवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत. ती वही अगदी फोटोंच्या अल्बमसारखी दिसे. 1948 साली अमेरिकेत मिनिटाला 33 पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी ‘लाँग प्ले’ तबकडी निघाली. जे सहा तबकड्यांवर मावत नव्हते ते एकीवर मावू लागले. वही गेली, नाव मात्र राहिले.

मराठीत आपण ‘संच’ म्हणतो. मला हा शब्द अधिक आवडतो. संचातली एक वस्तू गेली की बाकीच्यांना ते कळते. सहा कपांतला एक फुटला तर उरलेले पाच कप फडताळात कसे ओशाळल्यासारखे बसतात ते पाहा. चांगल्या गाण्यांच्या संचाचेही तसेच असते. एक गाणे संपत आले की पुढच्याचा पहिला सूर आपल्या गळ्यात आधीच येऊन बसलेला असतो. मधे चार-पाच सेकंदांची शांतता, सुईची बारीक खरखर, आणि मग ते गाणे नेमके त्याच सुरात सुरू होते. ही शांतता कुणी गायलेली नसते, कुणी तिला चाल लावलेली नसते. पण ज्याने तो संच शंभर वेळा ऐकला आहे त्याला विचाराल, तर ती शांतताही त्याची पाठ असते. हल्ली माझ्या खिशातल्या फोनमध्ये हजारो गाणी आहेत. मात्र तो फोन कधी कधी आपल्याच मनाने गाण्यांचे पत्ते पिसतो. परवा त्याने मला दशरथाच्या मृत्यूमागोमाग रामजन्म ऐकवला. एखाद्या घरात तेराव्याच्या पंगतीत बारशाच्या घुगऱ्या वाढाव्यात तसे मला झाले.

लहानपणी आमच्याकडे एच.एम.व्ही.चा ‘फिएस्टा’ होता. पेटी बंद केली की सुटकेसच, आणि उघडली की आत चकती, हात आणि वेगाचे आकडे. ‘33’वरचा काटा आम्ही मुले ‘78’वर नेत असू. मग धीरगंभीर गायकसुद्धा चिमणीच्या आवाजात चिवचिवू लागत आणि आम्ही गडाबडा लोळत असू. आजोबांचा पायरव ऐकू आला की काटा परत जागेवर जाई. घरात तबकड्या तशा थोड्याच होत्या. त्यांतली एक ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातल्या गाण्यांची. ते नाटक 1967 साली रंगभूमीवर आले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. वसंतराव देशपांड्यांना मी ओळखतो ते या तबकडीवरून. नाटक पाहायला मिळण्याआधी कितीतरी वर्षे मी ही गाणी ऐकत होतो आणि त्यांच्यावरून मी मनाशी एक सबंध कथा रचली होती. माझ्या कथेत खाँसाहेब हे मोठे सत्पुरुष होते. इतके चांगले गाणारा माणूस कुणाचे वाईट चिंतील, हे मला पटतच नव्हते. नाटकातली कथा निराळी निघाली. ती थोर आहे यात शंका नाही, पण माझी कथा मी अजून टाकून दिलेली नाही.

असो. लिहायला बसलो आहे तो संच निराळा आहे.

1 एप्रिल 1955 या दिवशी रामनवमी होती. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गाणे प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक नवे गाणे, असे वर्षभर चालायचे होते. बावन्न आठवड्यांची बावन्न गाणी व्हायची. पण त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला आणि चार गाणी वाढली. एकूण 56. अधिक महिन्यात जावयाला अनारसे मिळतात. त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्राला चार गाणी मिळाली.

आमच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता. साताऱ्याला आमच्या वाड्यासमोर एक वकील राहत, त्यांच्याकडे होता. शुक्रवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका येऊन बसत. आजी सांगायची की वकिलीणबाई आदल्या रात्रीच ओसरी सारवून ठेवायच्या आणि सकाळी रेडिओला हळदकुंकू वाहायच्या. आजी हातात वही घेऊन बसे. ऐकता ऐकता जमेल तितके उतरवायचे, आणि सुटलेले शब्द घरी परतताना शेजारणींना विचारून भरायचे. ती वही मी पाहिली आहे. पेन्सिलीने लिहिलेले अक्षर धावत धावत उताराला लागलेले, मधेमधे रिकाम्या जागा आणि त्या रिकाम्या जागांत नंतर शाईने भरलेले शब्द. एके ठिकाणी समासात ‘दूध उतू गेले’ असे लिहिले आहे. ते गाण्यातले नसावे.

रेडिओवरच्या त्या गीतरामायणात नाना गळे होते. रामाची गाणी फडके स्वतः गात. सीतेला माणिक वर्मांचा आवाज होता. शिवाय वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके आणि लता मंगेशकरसुद्धा. आजीच्या लेखी ते गाणे नव्हतेच, ते नाटक होते. रेडिओच्या पेटीत सारी अयोध्या उतरलेली असे आणि जो तो आपापल्या तोंडाने बोले.

पुढे 1965 साली एच.एम.व्ही.ने गीतरामायणाच्या दहा लाँग प्ले तबकड्या काढल्या. त्यांत छप्पन्नच्या छप्पन्न गाणी एकट्या सुधीर फडक्यांनी गायली आहेत. आजोबा 1976 साली निवृत्त झाले, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी ‘फिएस्टा’ घेतला आणि हा संच घेतला. घरात पहिली चैन म्हणतात ती हीच. आणि या चैनीपायी आजी-आजोबांत जो वाद सुरू झाला, तो मी जन्माला येऊन चांगला जाणता होईपर्यंत चालू होता.

आजीचे म्हणणे साधे होते. “राम पुरुषाच्या आवाजात, हे समजू शकते. सीता पुरुषाच्या आवाजात म्हणजे काय? कौसल्या पुरुषाच्या आवाजात? शूर्पणखा?”

“अगं, गाणारा एकच आहे ना तो!”

“मग एकट्याने कशाला गायचं? माणिकबाई नव्हत्या का?”

आजोबा मग ठेवणीतले अस्त्र काढत. त्यांनी उतारवयातले का होईना, बालगंधर्व पाहिले होते. “बालगंधर्वांची भामिनी तुझ्या वडिलांना चालली. रुक्मिणी चालली. ‘एकच प्याला’तली सिंधू पाहून तुझी आई पदर ओला करून घरी आली, असं तूच सांगतेस. ते कोण होते? पुरुषच ना? मग फडक्यांच्या सीतेनं काय घोडं मारलं?”

यावर आजीने एकदा जे उत्तर दिले त्याला मी अजून तोड पाहिलेली नाही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “बालगंधर्व बाई होत असत. हे होत नाहीत.”

आजोबांना या उत्तराचा राग आला, कारण ते खरे होते. फडके सीता होत नाहीत. तिचे गाणे गाताना ते आवाज बारीक करत नाहीत, लाडिक करत नाहीत, हुंदका उसना आणत नाहीत. त्यांचा गळा तोच, खर्ज तोच, शब्द तितकेच लख्ख आणि सुटे. माझ्या कानावर पहिल्यापासून तबकडीच पडलेली असल्यामुळे मला यात काही उणे वाटतच नसे. माझी सीता त्याच आवाजात बोले आणि हनुमानही त्याच आवाजात. तरीसुद्धा सीता बोलते आहे की हनुमान, याचा मला कधी घोटाळा पडला नाही. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे गायली आणि त्या गाण्याला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. ‘उमजलेले’ हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. फडक्यांच्या गळ्यातली सीता ही त्यांना उमजलेली सीता आहे. ती मी आहे, असा त्यांचा दावाच नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यांत बायका असतात आणि त्या बोलतातही. ‘पुरुष असून तुम्ही बाईच्या मनातलं कसं काय लिहिता?’ असे विचारणारी पत्रे मला येतात. काही कौतुकाची असतात, काही तशी नसतात. एका बाईंनी नुसते एवढेच लिहिले होते की, ‘आमचे आम्हाला बोलू द्या.’ असे पत्र आले की दोन-चार दिवस माझ्या हातून काही लिहून होत नाही. मग मी हा संच काढतो.

याचे कारण असे. गीतरामायणाचे पहिले गाणे कोणते, ते आठवा. रामाच्या समोर कुश आणि लव रामायण गात आहेत आणि राम ते ऐकतो आहे. शेवटचे गाणे कोणते? वाल्मीकी त्या दोघा मुलांना सांगतो आहे, की जा आणि हे रामायण गा. म्हणजे दहाव्या तबकडीची दुसरी बाजू जिथे संपते, तिथेच पहिल्या तबकडीची पहिली बाजू सुरू होते. मधली सगळी गाणी गातो आहे कोण? दशरथ नव्हे, कौसल्या नव्हे, सीताही नव्हे. ती दोन मुले. छप्पन्न गाण्यांतला शब्दन् शब्द त्यांच्या तोंडचा आहे. आईची कहाणी मुले सांगत आहेत, आणि सांगत आहेत ती ज्याने तिला रानात सोडले त्या बापाच्या समोर बसून. सीतेचा विलाप रामाने सीतेच्या तोंडून ऐकलेलाच नाही. तो त्याने ऐकला मुलांच्या तोंडून.

हे माझ्या ध्यानात आले तेव्हा आजी ऐंशीच्या पुढे होती. मी मोठ्या हौसेने तिला समजावून सांगितले, की बघ, एकाच पुरुषाच्या गळ्यात सारे रामायण असणे हेच कथेला धरून आहे. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, पण ते दोघं होते. हे एकटेच की!”

आता दहाव्या तबकडीविषयी.

चैत्रात, गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत, आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक तबकडी वाजे. आजोबा हात धुऊन येत, खोके उघडत, त्या दिवसाची तबकडी दोन्ही तळव्यांनी कडांवर धरून बाहेर काढत आणि मखमलीच्या तुकड्याने गोल गोल पुसत. आम्हा मुलांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. उलटायची वेळ झाली की आरोळी मात्र आम्ही द्यायची. एका बाजूवर कुठे तीन गाणी, कुठे दोन. पाडव्याला पहिली, द्वितीयेला दुसरी, असे करीत नवमीला नववी. नवव्या तबकडीअखेर लंकेचे युद्ध संपत आलेले असे. आजोबा खोके बंद करत, वर शाल घालत आणि म्हणत, “झालं रामायण.” मग सुंठवडा मिळे.

दिवस नऊ आणि तबकड्या दहा. पण या हिशेबाविषयी आमच्या घरात कुणी कधी बोलत नसे. मीही कैक वर्षे असेच समजत होतो, की रामायण युद्धाबरोबर संपते. आज तो संच माझ्याकडे आहे. पहिल्या नऊ तबकड्या उजेडात तिरप्या धरल्या तर त्यांच्यावर करड्या रेघांचे जाळे दिसते. पहिलीवर तर एका ठिकाणी सुई हमखास अडखळते. दहावी अजून काळीभोर आहे. तिच्यात तोंड पाहून घ्यावे.

आमच्या घरात आजोबांची धाकटी बहीण होती. तिला सगळेच आक्का म्हणत, आम्ही नातवंडेसुद्धा. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा मुंबईला नोकरीला. दोन वर्षांनी मंगळागौरीला म्हणून तिला माहेरी पाठवले आणि परत न्यायला कुणी आले नाही. मग कळले की त्याने दुसरे लग्न केले. ते साल 1945. आजोबा कोर्टात होते, त्यांना कायदे तोंडपाठ. हिंदूंना एक बायको असताना दुसरी करायला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा कायदा 1946 सालचा. देशभरचा हिंदू विवाह कायदा अंमलात आला तो 18 मे 1955 रोजी, म्हणजे गीतरामायण सुरू झाल्यावर सातव्या आठवड्यात. आजोबा ही सालावळ कुणी न विचारता सांगत आणि ‘एका वर्षानं हुकलं’ असे म्हणून थांबत. एका वर्षाच्या फरकाने आक्काला काय मिळाले असते, हे मात्र ते सांगत नसत. बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसावे.

आक्का घरातले सगळे करी. पापड तिचे, लोणची तिची, आम्हा मुलांचे न्हाणे-माखणे तिचे. वकिलांच्या ओसरीवर शुक्रवारी तीही आजीबरोबर जात असे. 1956 चा एप्रिल उजाडला, गाणी संपत आली. सीता आपले डोहाळे सांगते ते गाणे झाले. त्यानंतर लक्ष्मण तिला रानात सोडून निघतो, त्या वेळचे तिचे गाणे आले. त्या सकाळी काय झाले ते आजीने मला कितीतरी वर्षांनी सांगितले. रेडिओतून सीतेचा आवाज येत होता, बाईचाच आवाज, काळीज चिरणारा. ओसरीवर शुकशुकाट झाला. आणि मग एकेक करून सगळ्या बायकांनी रेडिओवरची नजर काढली आणि आक्काकडे वळवली. कुणाच्या मनात वाईट नव्हते. दोघी-तिघी तर रडत होत्या. आक्का गाणे संपेपर्यंत भिंतीला टेकून बसली, उठली, पायात चपला घालून घरी आली आणि दळण घेऊन बसली. पुढच्या शुक्रवारी शेवटचे गाणे होते, त्याला ती गेली नाही. आजीच्या वहीत पंचावन्नाव्या गाण्याचे पान कोरे आहे.

तेव्हा नऊ दिवसांना नऊ तबकड्या, हा आजोबांचा हिशेब होता. तो त्यांनी कुणाला समजावून सांगितला नाही आणि कुणी त्यांना विचारला नाही.

1990 च्या पावसाळ्यात एक पोस्टकार्ड आले. वरचा कोपरा फाडलेला. आजोबांनी ते अंगणातच वाचले आणि कोटाच्या खिशात ठेवले. जेवणे झाल्यावर त्यांनी ते आक्काच्या हातात दिले. तिने चष्मा लावून वाचले, पुन्हा घडी नसलेल्या त्या कार्डाची घडी घातली आणि चुलीपाशी नेऊन टाकले. उठून तिने आंघोळ केली. मी दहा वर्षांचा होतो. काहीतरी झाले आहे एवढेच मला कळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्याप्रमाणे फणी-करंड्याची पेटी उघडून बसली. आजी माजघराच्या दारात उभी होती. आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते. आक्काने मेणावर कुंकू टेकवले, रोजच्याइतकेच, आणि पेटी मिटली. कुणी एक शब्द बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आजोबांना म्हणाली, “दादा, ती दहावी लाव.”

आजी चटकन म्हणाली, “अहो वन्सं, सुतकात गाणं?”

“कुणाचं सुतक?” आजोबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

शाल निघाली, खोके निघाले. तबकडी पुसायला काही नव्हतेच, तरी आजोबांनी ती पुसली. बाहेर पाऊस होता, म्हणून त्यांनी आवाज थोडा वाढवला. आक्का खांबाला टेकून बसली. मी तिच्या शेजारी होतो. पहिली बाजू झाली, आरोळी द्यायचे मला सुचले नाही. आजोबांनी आपणहून उलटली. डोहाळ्यांचे गाणे झाले. ती चार-पाच सेकंदांची शांतता झाली. आणि मग ते गाणे आले, त्याच भरघोस, स्वच्छ, पुरुषी आवाजात. कुठे हुंदका नाही, कुठे कंप नाही. सीतेचा एकेक प्रश्न तो आवाज विचारत होता आणि पुढे जात होता. मी आक्काकडे पाहिले. दुसरे कुणी पाहत नव्हते. आजोबा तबकडीकडे पाहत होते, आजी पदराच्या काठाकडे. आक्काचे डोळे कोरडे होते. शाळेत कुणीतरी धडा वाचत असावे आणि आपण पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवत जावे, तशी ती ऐकत होती.

गाणे संपल्यावर ती म्हणाली, “बरं झालं. पुरुषाच्या तोंडून ऐकायला मिळालं.”

आजी काहीच बोलली नाही. तिचा चौदा वर्षांचा वाद होता, पण त्या संध्याकाळी तिने तो काढला नाही. आणि पुढेही, मला आठवते तोवर, आक्काच्या देखत काढला नाही.

मग वाल्मीकीचे गाणे झाले. तेही संपले. सुई शेवटच्या रिकाम्या रेघेत जाऊन टक्-टक् करू लागली. एरवी त्या आवाजाला आजोबा तीरासारखे उठत, कारण त्याने सुई खराब होते असे त्यांचे मत होते. त्या दिवशी ते उठेनात. त्या यंत्राला आक्काने जन्मात कधी हात लावला नव्हता. तिने उठून दोन बोटांनी तो हात उचलला, बाजूच्या खाचेत नीट ठेवला आणि पदराने बोटे पुसली.

“वहिनी,” ती म्हणाली, “विरजण लावायचं राहिलंय.”